सुनंदाबाईंची शपथ

सावद्याच्या सुनंदाबाई चौधरींना आवाज चढवणं जमत नाही. फारच झालं तर त्या स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "माह्यी शपथ आहे तुले." नवऱ्याला, चुडामणभाऊंना, तंबाखूची शपथ घातली, तेव्हापासून ते केळीच्या बागेतच चूळ भरून घरी येतात.

मुलगा तेजस जर्मनीतल्या एका लहान गावात नोकरीला. तिथल्या हौशी क्लबात तो अमेरिकन फुटबॉल खेळू लागला. टीममध्ये बेकरीवाला, शाळामास्तर, पोस्टमन. रविवारी संध्याकाळी नवरा-बायको मोबाइल डब्याला टेकवून मॅच बघत. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच तेजसचं काम.

"याले चेंडू देत नाहीत का हो?"

"बागेले वारा लागू नये म्हणून कडेनं शेवरी लावतो ना आपण? तसा उभा आहे तो."

"म्हणजे माह्या पोराची शेवरी केली."

जूनमध्ये त्याचा खांदा निखळला. ऑगस्टात डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, सुनंदाबाईंनी नाही. व्हिडिओ कॉलवरच त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

मग हंगामातली शेवटची मॅच आली. हरले तर टीम खालच्या गटात जाणार होती. अडवणारे दोघे लंगडत बाहेर आले, तरी तेजस बाकावरच. कोच हातवारे करत होता, हा मान हलवत होता.

"मले वाटलं नाही ऐकणार," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठं ऐकता?"

चुडामणभाऊंनी मॅचवरून नजर काढली नाही.

मध्यंतरात त्यांनी नवऱ्याच्या फोनवरून तेजसला फोन लावला.

"बसला कामून?"

"तूच शपथ घातली ना, मम्मी."

"कोचले काय सांगितलं?"

"हेच. तो विचारतो, टीमचा कोच मी का तुझी आई?"

सुनंदाबाईंनी आजवर कितीजणांना शपथा घातल्या. कोणी बघो न बघो, पाळणारा हा एकटाच निघाला. आणि त्याचीच त्यांनी अशी अडवणूक केली.

"शपथ सुटली," त्या पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोल, इथं कल्ला आहे."

"सुटली रे बाबा, सुटली. जाय. पण खांदा..."

फोन बंद झाला होता.

पुन्हा खेळ सुरू होताच तेजस समोरच्या टीमच्या लाल शर्टवाल्या तिघांच्या ढिगाखाली गेला. सुनंदाबाईंनी मोबाइल पालथा घातला.

"उठला का?"

"पालथ्या मोबाइलात मले दिसतं का? तूच पाह्य."

त्यांनी मोबाइल सरळ केला. तेजस उभा होता आणि खाली पडलेल्या बेकरीवाल्याला हात देऊन उठवत होता.

मॅच हरलेच. तेजसचा फोन आला तर हा हसतोय. पुढच्या वर्षी परत वर यायचं, म्हणाला.

"मग जेवत जाय नीट," सुनंदाबाई म्हणाल्या. "तो लाल शर्टवाला केवढा आडवा होता."