डाव्या सीटपुढचा ब्रेक

या सदरातले अनुभव मी अगदी चवीने वाचते, पण आजवर एकावरही विश्वास ठेवलेला नाही. नांदेडला बायकांना गाडी शिकवायचा माझा क्लास आहे. एखादीनं माझ्या गाडीच्या आरशाला लिंबू, काळी बाहुली असलं काही बांधलं की पहिल्याच दिवशी काढायला लावते. आरसा मागचं बघायला असतो. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तरी मला राग येणार नाही... मीही हसलेच असते.

शिवाय यात ना स्मशान आहे, ना अमावास्या. भर दुपार, नांदेड–लातूर हायवे आणि माझ्या धाकट्या जावेची नवी कोरी गाडी. एवढंच.

जावेचं नाव शीतल. तरोड्याला आम्ही एकाच घरात राहतो, ते वर, आम्ही खाली. या शीतलला गाडी शिकवण्यात मी दोन उन्हाळे घातले. विष्णुपुरीच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धर म्हटलं की गाडी हमखास मागे घरंगळायची, बंद पडायची, मागून हॉर्न सुरू व्हायचे आणि ही स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायची. शेवटी मीच हात जोडले. म्हटलं, बाई, तुझ्या नशिबी मागचीच सीट.

हे म्हणताना वाईट वाटलं का? काडीचंही नाही. पुरणपोळीत ती माझ्या पुढे, रांगोळीत पुढे, गोड बोलण्यात तर मैलभर पुढे. पण घरात गाडी चालवणारी बाई एकटी मी होते. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, दवाखान्यात न्यायचं असो की हदगावच्या लग्नाला, सगळे म्हणायचे, "थोरलीला सांगा." तो एक मान माझा होता.

मग दीरांनी बायकोसाठी छोटी पांढरी गाडी आणली. सीव्हीटी! म्हणजे क्लच नाही, गिअर टाकायची भानगड नाही. उजव्या पायाला दोन पेडल, ब्रेक आणि रेस. डावा पाय नुसता पाहुणा.

पहिली चक्कर मीच मारली, खोड काढायच्या तयारीनंच. लिव्हर डी ला, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, टाकून ब्रेक सोडला की गाडी आपली आपण सरकायला लागते. वजिराबादच्या गर्दीत दर दहा पावलांना थांबा, निघा, तरी एक झटका नाही. गिअर कधी बदलला ते कळतच नाही, कारण पायऱ्याच नाहीत, सगळी घसरगुंडी. एक खोड मात्र सापडली. पाय एकदम दाबला की इंजिन आधी बोंबलतं आणि गाडी मागाहून निघते. कुकरची शिट्टी झाली म्हणून डाळ शिजतेच असं नाही, तसं. ओव्हरटेक करताना ही गाडी दगा देणार, असं मी घरी चारचौघांत सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही.

आत्याबाई तर दुसऱ्या दिवशीपासून त्याच गाडीत. "लई गुळगुळीत चालती बाई ही. पोटातलं पानी हालंना. थोरलीच्या गाडीत कंबर मोडती माझी." थोरलीच्या गाडीत पंधरा वर्षं बसल्या, तेव्हा कंबर कुठे होती कोण जाणे.

माझी जुनी गाडी क्लासची. डाव्या सीटपुढेही क्लच-ब्रेक बसवलेले, केबलनं मूळ पेडलला जोडलेले. शिकणारी चुकली की मी डावीकडून ब्रेक दाबायचा. त्या ब्रेकवर माझ्या पायानं किती भिंती, किती म्हशी, किती सायकलवाले वाचवलेत त्याला गणती नाही. पण आता येणारी प्रत्येक बाई विचारते, मॅडम, ऑटोमॅटिकवर शिकवता का? ह्यांनी तर माझ्या गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. म्हणाले, पुढच्या आठवड्यात घेऊन जाईल, क्लास बंद कर, आराम कर. म्हणजे शीतलची गाडी आली आणि माझा धंदा, मान, सगळंच निघालं. जळत होते मी. तोंडानं कौतुक करत होते आणि आत भडका उडाला होता.

त्याच आठवड्यात लातूरला नणंदेची वास्तुशांत होती. पुरुष मंडळी आदल्या दिवशीच गेली. सकाळी शीतलची गाडी निघावी म्हणून माझी गाडी मीच बाजूला लावली. दोन्हीकडचे ब्रेक एकदम व्यवस्थित होते, हे लक्षात ठेवा. गाडी लॉक करून किल्ली पर्समध्ये टाकली, घराला नि फाटकाला कुलूप लावलं आणि निघालो. शीतल स्टिअरिंगवर, आत्याबाई मागे, मी डावीकडे.

विष्णुपुरीचा चढ आला. पुढे ट्रॅक्टर अडला होता, शीतलला ऐन चढावर थांबावं लागलं. मी मनात म्हटलं, आता घरंगळ. तिनं ब्रेक सोडला... गाडी इंचभर मागे आली नाही. शांतपणे चढून गेली. वर तिनं माझ्याकडे बघून गोड हसून दाखवलं. त्या हसण्यानं लोह्यापर्यंत मी धुमसत होते. माळाकोळी गेली, अहमदपूर गेलं, मी खिडकीबाहेर सोयाबीन बघत बसले.

शिरूर ताजबंद मागे पडलं. रस्ता मोकळा, गाडी चांगल्या वेगात. एकाएकी दुभाजकाच्या फटीतून उलट्या बाजूनं एक मोटरसायकल समोर आली. पुढे नवरा, मागे बायको, तिच्या मांडीवर लेकरू. शीतल ओरडली आणि घाबरून तिचा पाय ब्रेकऐवजी रेसवर गच्च बसला. इंजिन बोंबललं. माझा डावा... नाही, उजवा पाय सवयीनं पुढच्या मॅटवर आदळला. तिथे काहीच नव्हतं, नुसती मॅट.

पण माझ्या तळव्याखाली पेडल आलं. रबर झिजलेलं, उजवा कोपरा उचकटलेला, माझ्याच गाडीचं पेडल. पायाला ते डोळ्यांपेक्षा जास्त ओळखीचं आहे. मी ते तळापर्यंत दाबलं.

गाडीनं नाक खाली घातलं आणि थांबली. मोटरसायकल हातभर पुढे. त्या बाईचे डोळे मला अजून दिसतात.

आणि इंजिन ओरडतच होतं. काटा वर, लिव्हर डी मध्ये, शीतलचा पाय अजून रेसवर रुतलेला... आणि गाडी जागची हलत नव्हती, नुसती थरथरत होती. मी लिव्हर ओढून न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक लावला, तिचा पाय हातानं उचलला. माझा पाय उचलून बघितला, तर खाली मॅट.

मोटरसायकलवाला केव्हाच पसार झाला होता. मागचा पिकअप आमच्यावर चढता चढता वाचला होता. त्याचा ड्रायव्हर तणतणत आला. म्हणाला, "ब्रेक मारला तं लाइट तरी लागावा की ओ! मागच्यानं मरावं का?" मी शीतलला उतरवून तिच्या जागी बसले आणि ब्रेक दाबून दाखवला. दोन्ही दिवे लख्ख लागले. तो डोकं खाजवत निघून गेला.

शीतल रस्त्याच्या कडेला बसून म्हणाली, "ताई, म्या ब्रेक दाबलाच न्हाई." मी म्हटलं, माहीत आहे.

पुढे गाडी मी चालवली. लातूरला आत्याबाईंनी आल्या-गेल्याला सांगितलं, गाडीच गुणाची, तिनंच वाचवलं. पांढऱ्या गाडीला हळद-कुंकू, नारळ. मी म्हटलं, जीव वाचला तरी कौतुक त्या गाडीचंच. नंतर शोरूमला विचारलं तर म्हणाले, या मॉडेलात आपोआप ब्रेक लागायची सोयच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. फाटकाचं, घराचं, माझ्या गाडीचं कुलूप जसंच्या तसं. मी गाडी उघडून आत वाकले. डाव्या सीटपुढचा ब्रेक पार तळाला टेकलेला. हातानं ओढला तरी वर येईना. खालची मॅट चुरगळलेली. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, केबल ताणून गेली, इतक्या जोरात कोण दाबलं? मी म्हटलं, शिकणारी असेल एखादी.

तो गेल्यावर मी घरात गेले, देव्हाऱ्याजवळचा नारळ घेतला आणि माझ्या गाडीच्या चाकापुढे फोडला. हो, मीच. आवाज ऐकून शीतल खाली आली. हिला नारळ कशाला, म्हणून विचारू लागली. मी तिला आत वाकून पेडल बघायला लावलं, किल्ली पर्समध्येच होती तेही सांगितलं. आणि मग माझा तोल सुटला. म्हटलं, पंधरा वर्षं माझ्या पायाखाली राबली, आणि जाता जाता शेवटचा ब्रेक लावला तो तुझ्यासाठी. तुझ्या गाडीसाठी!

शीतलनं हात घालून ते पेडल चाचपून बघितलं. मग हळूच म्हणाली, "माझ्यासाठी कशाला थांबंल ओ ती, ताई? डावीकडं तुमी बसला व्हतात की."

मी वाकून ती चुरगळलेली मॅट सरळ केली.

गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं. केबल नवी टाकली, क्लास चालू आहे. शीतलच्या गाडीत डावीकडे बसून मोकळ्या मैदानावर मी कितीदा तरी मॅटवर पाय आपटून बघितला. काही होत नाही. दोन गाड्यांमध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि फाटकाचं नि गाडीचं अशी दोन कुलपं होती. आत्याबाई अजून पांढऱ्या गाडीलाच कुंकू लावतात.

आणि गाडी माझ्यासाठी थांबली, ही साधी गोष्ट मला न सुचता आधी शीतलला सुचली, याचाही मला अजून थोडा जळफळाट होतो.