कूलरच्या मागची खोली

आमचे हे, म्हणजे महादेवराव, सारी जिंदगी विजेच्या खांबावर चढून रिटायर झाले. लाइनमन होते. खांबावरून उतरले की एकच गोष्ट पाहत, समोरच्या घरात दिवा लागला का. लागला की काम झालं, चला! तीच खोड घरातही. मिक्सर असो की पाण्याची मोटर, दिवा दिसला म्हणजे यांच्या मतानं मशीन बरोबर, बिघाड माणसात. किती डोकं फोडलं मी, पण ऐकतील तर शपथ.

यांची मोठी बहीण प्रयागबाई, आमची ताई, मौद्याजवळच्या गावात एकटीच राहे. मागच्या पावसाळ्यात पडली, खुबा मोडला. धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग तिले आम्ही इथंच ठेवून घेतलं, मागच्या खोलीत. खोली शांत, पण भिंती जाडजूड आणि अंगणाकडं एकच खिडकी. तिचा एकुलता एक विक्रम पुण्यात. त्यानं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून मायलेकाचं बोलणं बंद. दोघंही सारखेच अकडू, बाप्पा! पण ऑपरेशनचं ऐकून तो हलला. "आईले एकदा दिसू दे," असं त्यानं आमच्या पोरीले, वेदिकाले सांगतलं. वेदिका कामठीले दिलेली. तिनं आपला जुना मोबाइल ताईच्या उशाशी आणून ठेवला. त्यात सिम नव्हतं, चाले तो फक्त घरच्या वायफायवर. आणि वायफायचा डबा पार समोरच्या खोलीत! मागं रेंजची एक काडीही येत नव्हती.

मग यांनी वायफायची रेंज पुढं ढकलणारा रिपीटर आणला आणि नेऊन लावला तो सरळ ताईच्या पलंगाजवळ. वेदिका हसली. "बाबा, त्यालेच रेंज भेटून नाही राहिली, तर तो ताईआत्याले काय देणार? मधात लावा ना जी."

तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ताईच्या खिडकीच्या अगदी समोर, यांनी स्वतः बोर्ड बसवला आणि रिपीटर त्यात लावला. हिरवा दिवा लागला आणि ताईच्या हातात विक्रम दिसला. हे असे फुगले, जसं काही सूर्यच यांनी पेटवला.

सारा हिवाळा त्या फोनवर गेला. पहिले काही दिवस "जेवला का?" "हो" एवढंच. एक दिवस त्याच्या मागून सून डोकावली. ताईनं तोंड फिरवलं. पण फोन ठेवल्यावर मले विचारते कशी, "तिले वांग्याची भाजी येत असन का वं?" मी मनातल्या मनात देवाले हात जोडले. लोखंड तापून राहिलं होतं.

एप्रिल लागला तसं ऊन भाजू लागलं. ताईची काहिली होऊ नये म्हणून यांनी माळ्यावरचा मोठा लोखंडी कूलर उतरवला, नवा वाळा भरला, ताईच्या खिडकीत बसवला आणि टाकी काठोकाठ भरली. बहिणीसाठी यांचा जीव फार, ते खोटं नाही म्हणणार मी.

त्याच संध्याकाळी पलंगावर बसून, फोन कसाबसा लागला तेव्हा, ताई मन घट्ट करून बोलली, "सुनबाईले घेऊन ये ना गा. मले तिले पाह्यचं आहे."

विक्रमचा चेहरा तसाच थिजला आणि फोन कटला.

ताई पडद्याकडं पाहतच राहिली. मग म्हणाली, "त्यानं ठेवला."

"अटकला असन," मी म्हणलं. हे उठले, अंगणातून डोकावून आले. हिरवा दिवा लागून होता.

"मशीन तर चांगलं आहे, ताई."

झालं. तेवढं एक वाक्य. ताईनं फोन उशीखाली सरकवला. "त्याले नाही यायचं. जबरदस्ती काहून करू?" पुन्हा तिनं तो हातात घेतला नाही, आणि तो वाजलाही नाही.

आषाढात ताई झोपेतच गेली. विक्रम आला, आणि बायकोले घेऊनच आला! जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "मामा, आईनं माझा फोन काहून बंद केला?"

हे भडकले. "तूच ठेवला! दिवा लागून होता तिकडं!" विक्रम बायकोले घेऊन निघून गेला.

दसऱ्याच्या सफाईत कूलर काढायचा होता. वेदिकाले परत द्यायचा म्हणून तो मोबाइल मागच्या खोलीत चार्जिंगला लावला होता. यांनी कूलर खिडकीतून ओढला आणि मोबाइल टुंग वाजला. हातात घेतला तर साऱ्या काड्या भरलेल्या. हे थबकले. कूलर पुन्हा आत सरकवला, काड्या गेल्या. बाहेर काढला, आल्या. पुन्हा सरकवला, पुन्हा बाहेर ओढला. मग पलंगावर मटकन बसले.

"लोखंडाचा डबा आणि पाणी, मीच मधात उभं केलं वं," हे म्हणाले. "आणि मीच तिले सांगतलं, मशीन चांगलं आहे."

रागवायचं ते मी मागं ठेवलं. मी तिथूनच विक्रमले व्हिडिओ कॉल लावला आणि फोन यांच्या हातात दिला.

"विक्रम, फोन कटला त्या दिवशी तुझ्या आईनं काय म्हणलं, ऐकू आलं होतं का तुले?"

"नाही मामा. तोंड हललेलं दिसलं फक्त. मग कितीदा लावला, लागलाच नाही."

यांनी फोन तोंडाजवळ धरला. "सुनबाईले घेऊन ये ना गा, म्हणे. मले तिले पाह्यचं आहे."

या वेळी फोन एकदाही अटकला नाही. त्याचं रडणं आम्हाले शेवटपर्यंत साफ ऐकू आलं.