ओव्यांचं कार्ड आणि गप्पांचं कार्ड

"ही ती नाही," सर म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर चालू असलेली ओवी थांबवली.

काकू पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कोण नाही?"

"म्हातारी. मधेच दुसरीच कुणीतरी गायला लागली."

परत लावलं. मला काही वेगळं ऐकू आलं नाही. चाल तीच, मागची जात्याची घरघर तीच. काकू म्हणाल्या, "तीच हाय की. मागल्या महिन्यात चष्मा फ्रिजात ठेवला व्हता तुम्ही, तसंच हे." एरवी सर अशा बोलण्यावर हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

मुकुंदवाडीतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. माझं गाव चंद्रपूरच्याही पुढं, जंगलाच्या कडेला. आठवीनंतर शाळा सुटली, पुढं चुलतबहिणीच्या मागं इकडं आले आणि एका कंपनीत पॅकिंगला लागले. वर्षभरात बहिणीचं लग्न होऊन ती गेली, मी राहिले. सर निवृत्त शिक्षक. गावोगावच्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या ते जमा करायचे. त्यातल्या कितीतरी बाया त्यांच्याच समाजाच्या. दीक्षा घेतली तेव्हाच्या, पोरं पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हाच्या ओव्या त्यांना पाठ होत्या आणि कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. सरांना कॉम्प्युटरचा कंटाळा होता. त्यांनी मला समोर बसवून शिकवलं, स्वतःला येत होतं तेवढं. त्याच्या पुढचं मी माझं शिकले. आठवी झालेल्या पोरीवर कुणी एवढा विश्वास टाकतं, हे मला खरंच वाटायचं नाही. म्हणून मी सारखी घाबरलेली असायचे. माझ्या हातून काही पुसलं गेलं तर? रोज संध्याकाळी सगळं रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर चढवायचे, तरी जिन्यावरून परत खाली येऊन बघायचे, चढलं की नाही.

ज्या म्हातारीचा आवाज बदलला असं सर म्हणत होते, ती लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातली. तीन आठवड्यांपूर्वीच तिच्या घरी जाऊन सरांनी ओव्या घेतल्या होत्या, आणि मागल्या रविवारी ती गेली. तिचा मुलगा लासूरच्या बाजारात धान्य मोजणारा मापाडी होता. त्याचा फोन आला म्हणूनच ती फाइल उघडली होती.

"जयभीम सर. येत्या रविवारी पुण्यानुमोदन हाय. आईचा आवाज लावायचा म्हणतोय मंडपात. दहाच मिन्टं. बहीणबी येणारे नाशिकून. तिची लई भेट नाय झाली शेवटी."

"देतो ना," सर म्हणाले होते. तो मंगळवार होता.

बुधवारी मी सकाळपाळी करून साडेतीनला आले, तर सर कानाला हेडफोन लावून बसलेले. कागदावर पाच ठिकाणचे मिनिट-सेकंद लिहिलेले. पाचही ठिकाणी आवाज बदलतो म्हणाले. मी दुसऱ्या डिस्कवरची प्रत लावली. तिच्यातही तेच. असणारच, मी बिघडलेलीच फाइल काळजीनं तिकडं चढवली होती.

"माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल," सर म्हणाले. "वय झालं."

ते मला सहन झालं नाही. चष्म्याचं ठीक होतं. पण बाईचा आवाज ओळखण्यात सर चुकतील हे मला पटत नव्हतं. मी हेडफोन घेतला आणि त्या पाच जागा एवढ्या वेळा ऐकल्या की शेवटी मलाही कळलं. म्हातारी ओळीच्या शेवटी श्वास सोडायची. मधली बाई सोडत नव्हती. मग मी जुनी रेकॉर्डिंगं एकेक करून लावली आणि गुरुवारी संध्याकाळी ती बाई सापडली. गारखेड्यातली, दोन महिन्यांपूर्वीची. तिच्या फाइलमधले तुकडे जसेच्या तसे म्हातारीच्या गाण्यात बसले होते, शब्दासकट.

"बघा काकू," मी म्हटलं, "सरांचे कान शाबूत आहेत."

"मग काय, डोकंच गेलं म्हणायचं," काकू म्हणाल्या, पण त्यांनी सरांसमोर न मागता चहा ठेवला.

गारखेड्याचं रेकॉर्डिंग त्या कार्डावरून मी कधीच पुसलं होतं. पुसलेलं वर कसं आलं? इथं सरांची पद्धत सांगायला पाहिजे. त्यांच्याकडं रेकॉर्डर एक आणि मेमरी कार्डं दोन. एक ओव्यांचं, एक गप्पांचं. बाई गाते तेव्हा ओव्यांचं आत. ती थांबून नाव, गाव, लेकरं किती, सासू कशी होती, हे सांगायला लागली की सर ते काढून गप्पांचं घालायचे. एका बैठकीत सहा-सात वेळा. आणि दर वेळी रेकॉर्डर बंद करायचे नाहीत, नुसता झोपवायचे, म्हणजे स्क्रीन विझायची पण आतून तो चालूच राहायचा. बंद करून चालू व्हायला त्याला अर्धं मिनिट लागायचं. "तेवढ्यात ओवी जाते गं," सर म्हणायचे. "थांबा, परत म्हणा म्हटलं की ती बाई म्हणते ती वेगळीच."

शुक्रवारी मी कामावर खाडा केला. कार्डं हात लावून बिघडवायची नाहीत म्हणून आधी दोन्हींची पूर्ण नक्कल कॉम्प्युटरवर काढून ठेवली. मग आणखी दोन कार्डांवर त्या नकला उतरवल्या आणि रेकॉर्डरसमोर बसले. एका कार्डावर आकडे म्हटले, झोपवून कार्ड बदललं, दुसऱ्यावर बाराखडी म्हटली, परत बदललं. मधेच एकदा बंद करून चालू केलं. दहा-बारा वेळा असं केल्यावर ऐकलं तर अकरा, बारा, आणि तेराच्या जागी गारखेड्याची बाई.

नेटवर वाचून आणि परत परत करून बघून मला कळलं ते असं: कार्डावर एक यादी असते, कुठल्या फाइलचा कुठला तुकडा कुठं ठेवलाय त्याची. पुसलं तरी फक्त यादीतलं नाव जातं, आवाज खाली तसाच पडून राहतो. झोपलेला रेकॉर्डर जागा झाला की यादी परत वाचत नाही. कार्ड तेच आहे का एवढंच बघतो, कार्डाचा नंबर बघून. तेच असेल तर डोक्यातली जुनी यादी तशीच पुढं चालवतो आणि वर तीच कार्डावर लिहितो. म्हणजे गप्पांच्या कार्डाची यादी ओव्यांच्या कार्डावर लिहिली जात होती. म्हातारीचं गाणं शोधत यंत्र भलत्याच जागी जायचं आणि तिथं जे जुनं पडलेलं असेल ते वाजवायचं.

पण दोन कार्डं वेगळी, म्हणजे नंबरही वेगळे असणार, मग त्याला फरक कळायला पाहिजे होता. दुकानातून कोरं कार्ड आणून, एका नकलेच्या जागी ते घालून तोच प्रयोग केला. काहीच बिघडलं नाही. सरांच्या दोन कार्डांचे नंबर कॉम्प्युटरवर काढले. दोन्ही नंबर एकच.

ते दुसरं कार्ड मीच तयार केलं होतं, गेल्या दिवाळीच्या सुमाराला. नवीन कार्ड फॉरमॅट करायला सरांनी सांगितलं आणि मला भीती वाटली. चुकीचं काही निवडलं आणि जुनंच कार्ड पुसलं गेलं तर? म्हणून मी चालणाऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवली. नंबरसकट. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

खाली जाऊन सांगायला मला तासभर लागला. या घरातून जावं लागलं तर कुठं जायचं, तेही त्या तासात ठरवून झालं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून समजून घेतलं.

"म्हणजे मी झोपवलं नसतं तर झालं नसतं," ते म्हणाले.

"मी नक्कल केली नसती तर झालं नसतं, सर."

"आता दोघं वाटून घ्या," काकू म्हणाल्या. "आणि त्या बाईच्या लेकाला काय सांगायचं ते बघा."

म्हातारीचं रेकॉर्डिंग करून आल्यावर सरांना ताप आला आणि त्यानंतर ते कुठं गेले नव्हते. त्यामुळं कार्ड वापरलं गेलं नव्हतं. मी काढलेल्या नकलेत हरवलेले तुकडे शोधत शनिवार गेला. पाचपैकी तीन सापडले, पूर्ण. ते जागेवर बसवताना म्हातारीचा तो श्वास ऐकू आला की मी तेवढंच परत लावायचे. उरलेल्या दोन जागांवर म्हातारीच्या घरीच त्या दिवशी नंतर केलेलं रेकॉर्डिंग बसलं होतं. तिथं शेजारीण चहात साखर किती घालायची ते विचारत होती. त्याखाली काही नव्हतं.

तिथले नेमके शब्द सरांनाही आठवत नव्हते. ते म्हणाले, त्या दोन जागी कुणाचाच आवाज नको. कोरं ठेव.

रविवारी आम्ही दोघं गेलो. सरांनी मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, एवढं हाय तेच लई झालं." वंदना झाल्यावर आवाज लावला. म्हातारी एकेका लेकराचं नाव गुंफत गेली होती. मोठा, मधला, मापाडी असलेला धाकटा. नंतर लेकीची ओवी सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला स्पीकर गप्प झाला. सात सेकंद. मंडपात कुणी खोकलं. मग पुढची ओवी, नातवंडांची.

जेवणाच्या वेळी नाशिकची बहीण माझ्याजवळ आली. पन्नाशीची असेल. "कॉम्प्युटरचं तूच करतीस ना? तिथं गप्प झालं, तिथं काय व्हतं? माझं नाव घेतलं व्हतं का तिनं?"

सरांकडं बघितलं, ते लांब म्हाताऱ्या माणसांत बसले होते. सरांनी ती ओवी एकदा तरी ऐकली होती, म्हातारीसमोर बसून. मी ती फाइल किती वेळा या डिस्कवरून त्या डिस्कवर नेली होती. बिघडायच्या आधी तिथं काय होतं ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ती रागानं बोलली नाही. "व्हय म्हणली असतीस तर काय गेलं असतं तुझं?"

तिनं माझ्या पत्रावळीत खीर वाढली, "जेव, लांबून आलीस," म्हणाली आणि पातेलं घेऊन पुढच्या पंगतीकडं गेली. सर वाट बघत होते तरी मी कितीतरी वेळ ती खीर पुढ्यात घेऊन बसून होते.