बाबांच्या ताटातलं वरण

माझे बाबा पंचवटीतले तीर्थोपाध्याय. यात्रेकरूनं गाव आणि आडनाव सांगायचा अवकाश, बाबा त्याच्या घराण्याची वही काढून पणजोबापर्यंतची नावं वाचून दाखवायचे. मग एके दिवशी त्यांनी एका कुटुंबाला भलत्याच घराण्याचे पूर्वज वाचून दाखवले. पुढे हे वरचेवर व्हायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या करून अल्झायमर सांगितला. काकांनी काहीही न तपासता पितृदोष सांगितला.

जन्मभर लोकांच्या पितरांची सेवा केली, त्याच माणसावर पितर चिडले म्हणे! गल्लीतल्या बाकी पंडितांनीही माना डोलावल्या. डोलवायला मान पुरते, डोकं लागत नाही.

चीड आली की पत्रक काढायचं, हे मी कामगार चळवळीत शिकलेय. लिहिलं : 'दोष पितरांचा नाही. मेंदूत बिघडलेलं प्रोटीन साचतं, म्हणून स्मरण जातं.' पत्रकं घाटावर वाटली, एक प्रत काकांच्या हातात मुद्दाम कोंबली आणि यंत्रमाग कामगारांच्या कामासाठी मालेगावला निघून गेले.

महिन्याभरानं परतले तर बाबांचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. पाटावरून उठताना आईला त्यांना दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. ताटात भात, तूप, बटाट्याची भाजी. वरण नाही, ताक नाही, दूध नाही.

"काकांनी बंद केलंय," आई म्हणाली. "तुझ्या कागदात आहे म्हणे."

काका ओटीवरच होते. त्यांनी खिशातून पत्रक काढलं.

"हे तुम्हीच लिहिलंत ना, विदुषीबाई? प्रोटीन साचतं. डाळीत काय असतं मग? शाळेत आम्हीही गेलोय."

"अहो काका, हे प्रोटीन मेंदूतल्या पेशीच बनवतात! डाळीतलं पोटात पचतं, त्याचे बारीक तुकडे होतात. त्याचा इथे काय संबंध?"

"मग तसं लिहायचं होतं."

तसं लिहायचं होतं. डॉक्टरांनी मला नीट सांगितलं होतं : प्रोटीन म्हणजे लांब साखळी, ती ठरावीक घडी पडली तरच कामाची. घडी चुकली की ती इतरांना चिकटते, त्यांच्याही घड्या बिघडवते, गुठळ्या होतात. आजाराचं सगळं मूळ तेवढंच का, हे अजून शोधतायत, असंही ते म्हणाले होते. हे सगळं मीच खोडलं. समजावत बसलं की पत्रक मिळमिळीत होतं, हा आमचा माज. 'म्हणून' हा शब्द डॉक्टरांचा नव्हता, माझा होता. काकांनी निदान वाचलं तरी. मी वाचणाऱ्याचा विचारच केला नव्हता.

त्या संध्याकाळी बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसले ते उठेचनात. डॉक्टरांना फोन लावला, पत्रकापासून सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले, काकांवर नाही. "डाळ, दूध, सगळं आजच सुरू करा."

काका अडून बसले. "फोनवरचं मी मानत नाही. कागदावर दे."

"काय देऊ?"

"चुकलीस म्हणून."

आई कुकर लावत होती. मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : 'मी चूक लिहिलं. डाळ खाल्ल्यानं हा आजार होत नाही, वाढतही नाही. बाबांना वरण द्या.' खाली सही केली. काकांनी दोनदा वाचलं, तारीख घालायला लावली. तीही घातली.

तोवर आईनं वरणभात कालवला होता. बाबांनी पहिला घास, गिळायचं विसरल्यासारखा, तोंडात तसाच धरून ठेवला. आईनं त्यांच्या गळ्यावरून हात फिरवला, तेव्हा गिळला.