कापसाच्या शेतात निवडलेलं समूहगीत

समूहगीत निवडायचं म्हटलं की माझ्या डोक्यात तेव्हा एकच कल्पना असे, गाणं भारदस्त हवं. शब्द जड, चाल संथ, आणि शेवटच्या ओळीवर सूर इतका लांबवायचा की परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवावं. मी पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत होते. हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्यात, हे मुलाखतीत उगाच बोलून बसले आणि तेव्हापासून प्रार्थना, पंधरा ऑगस्ट, स्नेहसंमेलन सगळं माझ्या गळ्यात पडलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

धुळ्याला डिसेंबरात शाळांची समूहगीत स्पर्धा आहे, असं पत्रक आलं. हेडसरांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "बाई, आपल्या शाळेनं आजवर कधी भाग घेतलेला नाही. बघा जमतंय का."

‘बघा जमतंय का’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच दिवशी मी नववी-दहावीच्या दहा-बारा मुली निवडल्या. मुलगे घेतले नाहीत, कारण त्यांचे आवाज त्या वर्षी असे काही फुटले होते की प्रार्थनासुद्धा ऐकवत नव्हती. मुलींपैकी एकही शाळेच्या नावानं कधी गावाबाहेर गेलेली नव्हती. स्पर्धा म्हटल्यावर त्यांचे चेहरे उजळले, तेवढ्यावरच माझं अर्धं काम झालं असं मला वाटलं. दहावीतली एक मुलगी, जिचा आवाज मैदानाच्या पलीकडे जाई, ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "बाई, नक्की जायचं ना?" दहावीनंतर आपलं शिक्षण संपणार, हे तिला ठाऊक होतं. तिला घेऊन धुळ्याला जायचंच, असं मी तेव्हाच मनाशी ठरवलं.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि तालमीला आली फक्त मी. कापूस फुटला होता. सगळ्या मुली शाळेशेजारच्या शेतात वेचणीला गेल्या होत्या. मी तरातरा तिथं गेले. शेत गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचं. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. मुली आणि त्यांच्या आया कमरेला ओट्या बांधून, आपापली पात, म्हणजे झाडांची एकेक ओळ, धरून वेचत होत्या. मी नानांना तावातावानं म्हटलं, "या मुली मला तालमीसाठी हव्यात. आणि स्पर्धेच्या दिवशी पूर्ण सुट्टी हवी."

नाना शांतपणे म्हणाले, "बाई, तालीम आठेच करा ना. त्यास्ना हात कामात शेतस, तोंड मोकळंच शे." मग जरा थांबून त्यांनी अट घातली. गाण्यामुळे संध्याकाळी काट्यावर कापूस कमी भरला नाही, तर स्पर्धेच्या दिवशी मुलींना सोडीन. कमी भरला, तर धुळ्याचं नाव काढायचं नाही.

मी लगेच हो म्हटलं. गाण्यानं कापूस कमी कसा होईल? उलट वाढेल, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी बांधावर उभी राहून शिकवू लागले. माझं ते भारदस्त गाणं मुली छान उचलत होत्या. आया शेजारच्या पातीत मुकाट वेचत. मी त्यांच्याकडे फारसं पाहिलंही नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या बांगड्यांचा आवाज मधे येतो, म्हणून एकदोनदा कपाळाला आठ्याही घातल्या.

तीन-चार दिवसांनी नाना काटा आवरून माझ्याकडे आले. "बाई, तुमनं गाणं चांगलं शे, पन भलतं हळू शे. बठ्ठा पोरीस्ना हात त्यानामांगे चालतस. दुसरं लई या."

मी भडकले. दुसरं गाणं आणायचं? गाणं निवडायचं ते स्पर्धेसाठी की काट्यासाठी? त्या सुरांतलं यांना काय कळतं? रात्रभर मनातल्या मनात नानांशी भांडले. दुसऱ्या दिवशी मात्र मी मुलींच्या तोंडांऐवजी हातांकडे पाहिलं. सूर लांबला की हात बोंडावर तसाच थांबे. शेवटच्या ओळीला तर सगळ्या जणी ओटीत हात घालून आकाशाकडे बघत उभ्या. परीक्षक पेन खाली ठेवणार होते, कापूस मात्र बोंडातच राहत होता.

मग मी दुसरं गाणं आणलं, मोर्चात म्हणतात तसं दणदणीत. नाना पहिल्या दिवशी खूश होते. डोलत होते चक्क. दुसऱ्या दिवशी कापसाच्या ढिगात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. मुली इतक्या घाईनं वेचत होत्या की कापसाबरोबर वाळका पाला, काड्या, फुटकी टरफलं सगळं ओटीत येत होतं. वजन भरपूर, पण असा कापूस बाजारात कोण घेणार? मला हसू आवरेना. "नाना, गाणं चांगलं आहे, पण भलतं जलद आहे," मी म्हटलं. ते रागावले नाहीत. पागोटं काढून त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मंग यान्हा मधलं नही का?"

स्पर्धा पंधरवड्यावर आली होती आणि आमच्याकडे गाणंच नव्हतं. मुली रडवेल्या झाल्या. मी घरातली सगळी गाणी आठवून बांधावर एकेक गुणगुणू लागले आणि दहावीतली ती मुलगी वेचत वेचत निकाल देऊ लागली. "नाही बाई, हात अडकतो." "नाही, हे पळवतं." जणू मी साडी दाखवणारी आणि ती गिऱ्हाईक. शेवटी लहानपणी जळगावच्या शाळेत शिकलेलं, वाटेनं चालणाऱ्या मुलांचं एक साधं गाणं मी काढलं. बाळबोध म्हणून ते मी यादीतही धरलं नव्हतं.  ती पात संपेपर्यंत वेचत गेली, मागे वळून पाहिलं आणि हसली. एकाही फुटलेल्या बोंडात कापूस उरला नव्हता आणि ओटीत पाला नव्हता.

पंधरा दिवस तेच गाणं शेतात चाललं. काटा बिनबोभाट भरत होता. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नानांनी शब्द पाळला. पण वेचणी थांबवता येणार नव्हती, आणि मुलींची एका दिवसाची मजुरी बुडाली तर घरी चालणार नव्हतं.  तेव्हा दहावीतल्या मुलीची आई पुढे आली. "लई जा तिले धुयाले, बाई. तिनी पात मी धरसू." मग एकेक करून सगळ्याच आया तसं म्हणाल्या, मुलींना धुळ्याला न्या, त्यांची पातही आम्हीच वेचू.

धुळ्याच्या त्या सभागृहात एका शाळेनं माझं भारदस्त गाणं म्हटलं आणि फार सुंदर म्हटलं.  मग आमचा क्रमांक आला. तबल्यावर आमचे विज्ञानाचे सर होते. ते घाबरले होते. लवकर सुटावं म्हणूनच की काय, त्यांनी दुप्पट लयीत ठेका धरला.  पण मुली त्यांच्यामागे गेल्या नाहीत. एकीनंही मान वळवली नाही. आपल्याच लयीत त्या चालत राहिल्या आणि बिचारे सर दुसऱ्या ओळीला लय उतरवून त्यांच्याबरोबर आले. आम्हाला दुसरा क्रमांक आणि बक्षिसाची ढाल मिळाली. परतताना एसटीत मुलींनी एवढा गोंधळ घातला की कंडक्टरनं दोनदा दटावलं आणि तिसऱ्यांदा तोच टाळ्या वाजवू लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी ढाल घेऊन शेतात गेले, नानांना दाखवायला. मुली अजून आल्या नव्हत्या, नुसत्या आया वेचत होत्या. बांधाजवळ पोहोचले आणि थबकले. त्या गात होत्या. आमचंच गाणं, सगळ्या मिळून, एका लयीत. ज्यांच्या बांगड्यांवर मी आठ्या घातल्या होत्या, त्या बायकांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं. त्यांच्यातली एकही शाळेची पायरी चढलेली नव्हती. मला पाहून त्या लाजून गप्प झाल्या. मुलीची आई तेवढी म्हणाली, "काल तुम्ही तठे गाणं म्हनं, आम्हीबी आठे म्हनं."

माझे डोळे भरून आले. पण स्वभाव कुठं जातो? दुसऱ्या कडव्यात त्या एक ओळ गाळत होत्या, ते मला सहन होत नव्हतं. ढाल बांधावर ठेवली, पदर खोचला, त्यांच्या शेजारची रिकामी पात धरली आणि म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांनी."