अंगठ्याने मोजलेली हवा

“हवा किती भरायची ते मला नका विचारू, ट्राउगॉटच्या अंगठ्याला विचारा,” असं रोस्विता हाउग एकदा वार्ताहराला म्हणाली होती. ट्राउगॉट बेकने त्या बातमीचं कात्रण आपल्या शेडच्या खिडकीशी टाचून ठेवलं. त्यांच्या दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियन डोंगरात कौतुक कुणी करत नाही; शिवी बसली नाही, की काम बरं झालं समजायचं. त्या एका वाक्यावर त्याचे बारा हिवाळे निघाले.

रोस्विता सकाळी टपाल वाटायची. उन्हाळ्यात डोंगरातल्या सायकल शर्यती, हिवाळ्यात चिखलातल्या. चिखलाच्या शर्यतीत ती बरबटलेली सायकल ट्राउगॉटच्या अंगावर टाकायची, त्याने धुवून ठेवलेली दुसरी घेऊन पळायची, चढ आला की तीच खांद्यावर घ्यायची. त्याच्याकडे बघायलाही तिला सवड नसे. देशात दोनदा तिसरी आली. बेल्जियममध्ये तेविसावी आली तेव्हा क्लबातल्या हर्मानने विचारलं, आधीच्या बावीस जणींची पत्रं वाटत बसली होतीस का?

ट्राउगॉट पूर्वी दुधाचा टँकर चालवायचा. बायको गेल्यावर रविवार त्याला खायला उठत. या शेजारच्या पोरीने ते चिखलाने भरून टाकले. तो हे कधी बोलला नाही. टायर मात्र अंगठ्याने दाबून बघायचा. चिखलात ते मऊ हवं, पण फार मऊ झालं की झाडाच्या मुळावर आपटून फाटतं.

मग त्याला कॅन्सर झाला. औषधांनी तो वाचला, पण बोटांची टोकं बधिर झाली ती झालीच. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. जानेवारीत राष्ट्रीय शर्यतीत रोस्विता दुसरी चालली होती आणि टायर फाटलं. सायकल खांद्यावर घेऊन ती धावत आली, नववी. “वाटेत मूळ होतं,” एवढंच म्हणाली.

तिची शेवटची शर्यत नोव्हेंबरात, गावच्याच उतारावर होती. सकाळी ती शेडमध्ये आली. ट्राउगॉट रात्रभर जुळवलेलं बोलून मोकळा झाला.

“रोसी, आज दुसऱ्या कुणाला तरी घे. माझ्या बोटांना काही कळत नाही. जानेवारीतलं ते टायर माझ्यामुळे गेलं.”

“ठाऊक आहे. कढत कॉफीचा पेला तू हाताने नुसता धरून बसायचास. नाताळाच्या आधीच कळलं मला.”

“मग तू स्वतः दाबून का नाही बघितलंस?”

“बघितलं असतं, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं.”

ट्राउगॉट खाली बसला. एक पदक तिने त्याच्यासाठी मुळावर फोडलं होतं आणि वर मुळालाच दोष दिला होता. आभाराला त्यांच्याकडे शब्द होता, वापर नव्हता.

रोस्विताने त्याचा हात ओढला, अंगठा टायरवर ठेवला आणि त्यावर आपला अंगठा दाबला. दुसऱ्या हाताने थोडी हवा सोडली. पुन्हा दाबलं. आणखी थोडी सोडली. टायर त्याला लागत नव्हतं. तिच्या हाताचा भार तेवढा मनगटापर्यंत कळत होता.

“बस,” तो म्हणाला. “आता बरोबर आहे.”

तिने एकदाही तपासून पाहिलं नाही. सायकल खांद्यावर घेतली आणि बाहेर चिखलात चालती झाली.