शेवग्यावरचे दागिने

शेवग्याच्या खोडावर पुंजक्यानं बसलेल्या केसाळ अळ्या मी एकदा काडीनं खरवडून डब्यात भरल्या. का, तर त्यांचे पुढे चांदीचे डूल होतील म्हणून! हसा, खुशाल हसा. नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत तेव्हा माझ्याइतकी हुशार मीच.

मूर्खपणा माझा, पण त्याचं मूळ म्हणजे वर्गातली ती पिंजाऱ्याची पोर. तिला नाद अळ्या पाळायचा. बापानं पिंजलेला कापूस डब्यात अंथरायची, त्यावर कण्हेरीची डहाळी, अन् डहाळीवर अळ्या. थोड्या दिवसांनी अळीचा कोष होऊन डुलासारखा लटकायचा, असा लखलखीत, की सोनाराकडून उचलून आणला असावा. मधल्या सुट्टीत साऱ्या पोरी तिच्याभोवती.

तेही चाललं असतं. पण शाळेत बसायला पोतं घरून न्यायची रीत होती, अन् माझ्या पोत्यावर आम्ही दोघी बसायचो, मी आणि माझी मैत्रीण. पहिलीपासून गुडघ्याला गुडघा. एके सकाळी ही बया थेट पिंजाऱ्याच्या पोरीच्या पोत्यावर जाऊन बसली. म्हणाली, "मले कोष फुटताना पाहाचा हाये."

माझं अर्धं पोतं रिकामं. तिथं मी दप्तर ठेवलं, पाटी ठेवली, शेवटी पाय पसरले. भरेना मेलं.

मग शेवगा आठवला. तिच्या अळ्या गुळगुळीत, माझ्या भरघोस केसांच्या. म्हणजे डूलही मोठेच निघणार! पाढे चालू असताना मी झाकण उघडून मैत्रिणीला खुणावलं, "इकडं ये, माह्यापाशी लय हायेत."

ती यायच्या आधी अळ्याच निघाल्या. पोत्यावर, परकरावर, शेजारणीच्या वेणीवर. वर्गभर किंकाळ्या. बाईंनी विचारपूस न करता पिंजाऱ्याच्या पोरीला उभं केलं.

"तुझ्याशिवाय हे घाणेरडं काम कोण करणार?"

आणि तिचा डबा खिडकीतून बाहेर भिरकावला, कोषासकट. मी माझा डबा हळूच परकराखाली सारला. खरं सांगू? बरं वाटलं. फार बरं वाटलं. तेवढ्यात मानेला खाज सुटली. मग हातांना. बाईही खाजवू लागल्या, पण सर्वांत जास्त सुजले मी. चोर शोधायची गरजच उरली नाही.

घरी आईनं खोबरेल चोपडता चोपडता विचारलं, "काऊन वं, तुले दुसरं काही खेळाले भेटलं नाही?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रीण दारात. माझं काळीज सुपाएवढं झालं. आली! मी बाजेवर सरकून तिला जागा केली. सुजलेल्या डोळ्यांनी जितकं केविलवाणं दिसता येईल तितकं दिसले. ती काही बसली नाही. उंबऱ्यातूनच घरातले कोपरे न्याहाळत म्हणाली,

"बसत नाही वं मी. तिचा डबा बाईनं फेकला ना, तं ती रडून राह्यली. तुया केसाळ अळ्या एखाददोन उरल्या असतील तं मागून आणाले सांगतलं तिनं. त्याच्यातून काय निघते ते आमाले दोघींले पाहाचं हाये. हायेत का?"